घर बदलतेय, आणि एका डब्याचं काय करायचं ते कळत नाहीये

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी समुपदेशक आहे. बावीस वर्षं झाली. त्यातली गेली चौदा-पंधरा वर्षं माझ्याकडे बहुतेक अशीच माणसं आली जी दिवसभर दुसऱ्यांचं करतात. एसटीचे वाहक-चालक, सिस्टर, हवालदार, आशाताई, वॉर्डबॉय. ठरवून नाही झालं. एका डेपोत व्यसनमुक्तीवर बोलायला गेले होते, तिथून एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि माझा नंबर फिरत राहिला.

महिनाअखेरीला आम्ही ठाण्याहून नाशिकला जातोय. आवराआवरीत माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली आला. लोकांनी जाताजाता हातात ठेवलेल्या वस्तू त्यात आहेत. काम सुरू केलं तेव्हा नियम पक्का होता, फीशिवाय काही घ्यायचं नाही. तो कधी मोडला ते आठवत नाही, पण डबा भरलाय. शिट्टीची एक दोरी आहे, नुसती दोरी, शिट्टी नाही. एक अंगारा आहे. काही चिठ्ठ्या आहेत. आणि तीन गोष्टी अशा आहेत की डबा उघडला की त्याच आधी हातात येतात.

पहिली म्हणजे तिकिटाचा पंच. मशिनं येण्याआधी कंडक्टरच्या हातात असायचा तो, टिक्‌टिक् वाजवत 'बोला, तिकीट बोला' म्हणत पुढे सरकायचे. अंगठा टेकतो तिथली चकाकी पार गेलीय, आतला काळपट धातू दिसतो. देणारे गृहस्थ मुक्कामी गाडीवर असायचे. २०२१-२२ चा संप पाच महिन्यांहून जास्त चालला, त्यात ते आतून मोडले. माझ्याकडे आले ते संप मिटून बरेच दिवस झाल्यावर. शेवटच्या भेटीत त्यांनी पंच टेबलावर ठेवला आणि विचारलं, "म्याडम, यात आपला हिशेब मिटला का?"

दुसरी, मायक्रोपोरची, म्हणजे दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीची पट्टी. २०२० मध्ये पीपीई किटच्या आत कोण आहे ते कळायचं नाही म्हणून सगळे छातीवर नाव लिहायचे. या मुलीने पट्टीवर 'सिस्टर' एवढंच लिहिलं होतं. म्हणाली, "नावाने हाक मारायला कुणाकडे श्वास होता?" ती पट्टी तिने किट काढताना सोलून जुन्या केसपेपरच्या पाठीमागे चिकटवली, आणि दोन वर्षांनी मला आणून दिली. आता कडा पिवळ्या पडल्यात.

तिसरं एका वॉर्डबॉयच्या मुलीने केलेलं कार्ड. वर स्केचपेनने काढलेला पंखा आहे, का ते मला आजही माहीत नाही. आत लिहिलंय, 'थँक्यू म्याडम. पप्पा आता रात्री ओरडत नाहीत.'

ओळख पटेल असे तपशील बदललेत. नवऱ्याचं म्हणणं, "नवीन घरात माळाच नाही, बघ काय ते." तुम्ही काय केलं असतं? तुमच्याकडे असं काही आहे का?

खडूस_काका

टाकून द्या. वस्तूंत माणूस नसतो, धूळ असते. मी तीन घरं बदलली, दर वेळी निम्मं सामान कमी केलं, आजवर कशाचीही आठवण आलेली नाही. पट्टी आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा. अंगारा नदीत. झालं.

घाटमाथा

काका, तुमच्या आयडीला जागलात. 😀

शेवंतीताई, लेख (हा धागा नाही, लेखच आहे) आवडला. पंचावरून सांगतो. माझे वडील एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर होते. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, ती तारीख आमच्या घरी कुणाच्या वाढदिवसासारखी लक्षात ठेवली जायची. 'हिशेब मिटला का' हे वाक्य तुम्हाला कसं लागलं माहीत नाही, मला वाचताना एकदम घरचं वाटलं. कंडक्टरचा हिशेब दिवसाचा दिवसाला. गाडी डेपोत लागली की वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद), कॅश, मोजणी. चार रुपये कमी भरले तर खिशातून घाला. वडील घरी आले की शर्ट काढायच्या आधी पँटचे खिसे उलटे करून बघायचे, एखादं नाणं चुकून आलंय का. रिटायर झाल्यावरही कितीतरी दिवस ही सवय गेली नाही. कुणाचं काही स्वतःकडे राहिलंय या विचाराने या माणसांना झोप लागत नाही. तुमच्या त्या गृहस्थांनी आभार मानले नाहीत ताई, त्यांनी तुमच्याकडे कॅश भरली.

शेवंती

घाटमाथा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून चहा गार झाला.

खरं सांगू का, त्या दिवशी मी उत्तरच दिलं नव्हतं. 'अहो, हिशेब कसला' असलं काहीतरी पुटपुटले. त्यांना 'मिटला' असं ऐकायचं होतं.

मीनल_कोथरूड

मीही याच क्षेत्रात आहे, आणि सगळे हळवे झालेत म्हणून जरा उलट बाजू मांडते. राग मानू नका.

मी काहीही घेत नाही. सेशनमध्ये समोरच्याने आणलेला चहासुद्धा नाही. अमेरिकन समुपदेशकांच्या संघटनेची २०१४ ची आचारसंहिता सरसकट 'नको' म्हणत नाही, हे मला माहीत आहे. काही संस्कृतींत छोटी भेट हा आदर असतो असंच त्यात आहे. पण ती विचार करायला लावते: किंमत काय, देणारा का देतोय, आणि आपल्याला ती का घ्यावीशी वाटतेय. तिसरा प्रश्न आपण कुणी विचारत नाही. या पेशात वर्षाच्या शेवटी हातात दाखवायला काही नसतं. सुताराला टेबल दिसतं. आपल्याला डबा हवा असतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, कलम २३. आपल्या नीतीतही ती आहेच. तपशील बदलले म्हणता, पण पंच बदललात का? आणि उद्या तुम्हाला काही झालं तर हा डबा कोण उघडणार? सून? भंगारवाला? त्या कार्डावर मुलीचं नाव आहे का?

शेवंती

आहे. नाव, इयत्ता, तुकडी, शाळा. सगळं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. (पंचाबद्दल: वस्तू तीच आहे, माणसाबद्दलचं बाकी बरंच बदललंय. पण मुद्दा मान्य.)

मनोमन

मानसोपचारतज्ज्ञ या नात्याने थोडंसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउट (कामाच्या ताणाने पार रिकामं होणं) आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. हे मी माझ्याकडे येणाऱ्या पोलिसांना मुद्दाम सांगतो, कारण 'मला काही झालेलं नाही साहेब' यावरच त्यांची पहिली दोन सत्रं जातात. आजार नाही म्हटल्यावर खुर्चीत जरा मागे टेकतात.

सेवेतल्या माणसाला मदत घेणं जड जातं, हे रोज बघतो. नर्स माझ्यासमोर बसली की पहिल्या पाच मिनिटांत तिने माझंच बीपी विचारलेलं असतं. भेटवस्तू मला त्याचाच पुढचा भाग वाटते. पुन्हा देणाऱ्याच्या जागी जाऊन बसायचं. ते वाईट नाही. पण कधीकधी ती वेळेआधी येते, म्हणजे माणूस बरा व्हायच्या आत, आणि तिचा अर्थ असतो 'आता पुरे, मी निघतो'. दोन्हींतला फरक ओळखायला मला दहा वर्षं लागली, आणि अजूनही चुकतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला गरज असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कडवेवाल

मी आशा आहे, रायगडात. फोनवरून टाइप करते, चुका काढू नका.

आमच्या समुपदेशक ताईंना मी वाल दिले होते. कडवे वाल, आमच्या शेतातले, पायलीभर. माझ्यावर एक प्रसंग आला होता बाळंतिणीचा, तो इथे लिहीत नाही. आम्ही कागदावर स्वयंसेविका आहोत. २००५ पासून योजना आहे, २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने आमचा सन्मान केला, आमच्या ग्रुपवर आठवडाभर फुलं पडत होती. पण त्या बाळंतिणीनंतर मला कुणी विचारलं नाही की तू जेवलीस का. ताईंनी विचारलं. म्हणून वाल. त्या म्हणाल्या एवढे कशाला. मी म्हटलं ताई, मोड आणून बिरडं करा, सालं काढायला बसलात की माझ्यासारखं डोकं शांत होतं.

पुढच्या वेळी त्या म्हणाल्या बिरडं केलं, सालं काढता काढता रात्रीचे अकरा वाजले. मला इतकं हसू आलं. डब्यात ठेवायचं असतं तर मी वाल दिले नसते.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे, मूळची सांगलीची. आमच्याकडे या सगळ्याचं रजिस्टर असतं. पन्नास पौंडांवरची भेट स्वतःसाठी घ्यायची नाही, रोख तर एक पेनीही नाही. किरकोळ सोडून सगळ्याला नम्रपणे नकार द्या असं नर्सिंग कौन्सिलच्या संहितेत लिहिलेलं आहे. त्यामुळे येतात ती चॉकलेटं आणि कार्डं. कार्डं वॉर्डच्या बोर्डावर लागतात, बोर्ड भरला की जुनी काढतात. कुणालाच अपराधी वाटत नाही. पण सगळ्यांसाठी आलेलं कार्ड कुणा एकीचंच नसतं, हेही तितकंच खरं. माझ्या पर्समध्ये एक आहे. रजिस्टरमध्ये नाही.

फास्ट_लोकल

मी देणाऱ्यांच्या बाजूचा. मोटरमन होतो, मध्य रेल्वे, आता निवृत्त. मीनलताईंचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. भांडण नाही.

आमच्या लाइनीत ज्याला रन ओव्हर म्हणतात, म्हणजे गाडीखाली माणूस येणं, ते बहुतेक प्रत्येकाच्या वाट्याला येतं. मी आकडा सांगणार नाही. गाडी थांबवायची, कळवायचं, स्टेशनवरून हमाल स्ट्रेचर घेऊन येतात, मग गाडी पुढे. मागच्या डब्यांत लोक घड्याळ बघत असतात, त्यांची चूक नाही, त्यांना कळतच नाही. आणि आपण पुढच्या स्टेशनात नीट, मार्कावर गाडी उभी करायची. हात तेच काम करतात. तीन-चारदा काही झालं नाही. मग एकदा झालं. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं होतं. त्यानंतर मला प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा असलेला प्रत्येक माणूस तसाच वाटायला लागला. हॉर्नवरून हात निघेना. घरी जेवताना बायकोने ताट ठेवलं तरी दचकायचो.

एक बाई समुपदेशन करायच्या, त्यांच्याकडे गेलो. आठ-नऊ वेळा. त्यांनी मला पुन्हा गाडीवर बसवलं, यात शंका नाही. बायकोने त्यांच्यासाठी क्रोशाचा टेबलक्लॉथ विणला. दीड महिना विणत होती. मी नवी पिशवी आणली, त्यात घालून नेला. बाईंनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. खूप छान बोलल्या, आम्हाला घेता येत नाही, तुमच्या भावना पोचल्या वगैरे. मी पिशवी घेऊन परत ट्रेनने आलो. डोंबिवलीपर्यंत मांडीवर ती पिशवी.

मोटरमनला कुणी थँक्यू म्हणत नाही. त्याचं मला कधीच काही वाटलं नाही, आमचं तोंड दिसतच नाही कुणाला. पण आपल्या हातून कुणाला काही चांगलं द्यायला मिळणं, ते माझं राहून गेलं होतं हो. माझ्या हातून गेलं ते वेगळंच होतं.

पुढचे दोन महिने मी गेलो नाही. बायकोला सांगितलं, घेतला, खूष झाल्या. टेबलक्लॉथ माझ्या लॉकरमध्ये होता निवृत्तीपर्यंत.

घाटमाथा

काका…

कडवेवाल

काका, वहिनींना खरं सांगितलंत का नंतर?

फास्ट_लोकल

निवृत्तीच्या दिवशी लॉकर रिकामा केला तेव्हा पिशवीसकट घरी आणला. तिने बघितला. म्हणाली, बरं झालं, आपल्याच टेबलाच्या मापाचा आहे. तिला पहिल्यापासून माहीत असणार.

मीनल_कोथरूड

फास्ट_लोकल, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. उत्तर आज लिहितेय.

त्या बाई मी नाही, पण असू शकले असते. 'तुमच्या भावना पोचल्या' हे मी शब्दशः म्हणते. पाठ आहे.

माझं मत बदललेलं नाही, म्हणजे घ्यावंच असं मी अजूनही म्हणणार नाही. पण पिशवी उघडून बघायला कोणत्या संहितेने मनाई केलीय? किती दिवस लागले, टाका कुठला, वहिनी कुणाकडून शिकल्या, हे विचारलं असतं तर तो टेबलक्लॉथ परत नेतानाही वेगळा परत गेला असता. नको म्हणायच्या आधी बघायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मी माझ्या प्रशिक्षणार्थींनाही शिकवलेलं नाही. सोमवारी बॅच आहे.

खडूस_काका

कडवेवाल ताई, बिरड्याला वाटण कुठलं? आमच्या ही गेल्यापासून नीट जमलेलं नाही.

कडवेवाल

काका, भाजून नाही, कच्चं ओलं खोबरं, लसूण, जिरं, हिरवी मिरची. आमसूल शेवटी. गूळ चिमटीभर. वाल शिजताना ढवळायचे नाहीत, फुटतात. टोप नुसता हलवायचा.

खडूस_काका

टोप हलवायचा. हां. ती तसंच करायची.

मनोमन

अवांतराचा हा भाग संपादकांनी उडवू नये ही विनंती.

शेवंती, मीनल यांचा 'डबा कोण उघडणार' हा प्रश्न मात्र तसाच लोंबकळतोय. आमच्यात केसपेपर किती वर्षं ठेवायचे आणि मग कसे नष्ट करायचे याचा विचार असतो. वस्तूंचा नसतो. मी स्वतः नावं काढून टाकतो. एका हवालदाराने बंदोबस्ताच्या ड्युटीचा कागद दिला होता, पाठीमागे त्याच्या लेकीने गणपती काढलेला. बक्कल नंबर फाडून टाकला, गणपती भिंतीवर आहे. पेशंट विचारतात कुणी काढला. मी म्हणतो, पाहुणी आली होती.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस कामं सोडून धागा वाचत होते.

काल रात्री डबा घेऊन बसले. कात्री घेतली. कार्डावरचं नाव कापलं, इयत्ता-तुकडी कापली, शाळा कापली. कार्डाला आता खालच्या बाजूला खिडकी झालीय, तिच्यातून पंखा दिसतो. चिठ्ठ्यांच्या सह्या कापल्या. दोन चिठ्ठ्यांत सहीशिवाय काहीच नव्हतं, त्या पूर्ण गेल्या. अंगारा तुळशीत. पंचावर काही नंबरबिंबर आहे का ते भिंग घेऊन बघितलं, नाही. शिट्टीची दोरी कुणाची ते मी स्वतःच विसरलेय, हे कबूल करायला लाज वाटतेय.

मग मायक्रोपोरची पट्टी घेतली. तिथे कापायला काही नव्हतंच.

मीनल, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर विचार केला. मला का घ्यावंसं वाटलं? त्या वर्षी मीही पार रिकामी झाले होते, आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. घाटमाथांचे वडील खिसे उलटे करून बघायचे, मी बहुधा माळ्यावर जमा करत होते.

परवा निघतोय.

घाटमाथा

नाशिकला शुभेच्छा. पंच गंजला असेल तर शिवणयंत्राचं तेल घाला, दोन थेंब, आणि रात्रभर तसाच ठेवा. वडील तसंच करायचे. जोर लावू नका.

लीड्सकर

वाचनखूण साठवली.

शेवंती

पोचलो. डबा ट्रकमध्ये दिला नाही, मांडीवर घेऊन आले. कसाऱ्याच्या घाटात नवरा म्हणाला, "सोनं आहे का गं त्यात?" म्हटलं, "तू गाडी चालव."

ट्रक आज सकाळी आला. पंचात काल तेल घातलं होतं. सामान उतरत होतं तेव्हा सहज दाबून बघितला आणि वाजला! तोच आवाज, टिक्. हातात पावती होती तिला आरपार भोक पडलं.

ट्रकवाला म्हणाला, "ताई, ती माझी कॉपी होती."